बार्लो भिंगाने काय बदलते?

प्रश्न : माझ्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास ११४ मिमी, नाभीय अंतर ९०० मिमी आहे. दुप्पट क्षमतेच्या बार्लो भिंगाने शनीची कडी मोठी दिसतील का?

उत्तर : होय. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. २५ मिमीच्या आयपीसने ते ३६ पट होते. बार्लो हे अंतर्वक्र भिंग. आयपीसच्या आधी बसवल्यावर ते एकवटणाऱ्या किरणांचा उतार कमी करते. त्यामुळे परिणामी नाभीय अंतर १८०० मिमी आणि वर्धन ७२ पट होते. १० मिमीच्या आयपीसने १८० पट मिळेल. पण आरसा तोच असल्याने प्रतिमा मंद होईल. शिवाय हवेची थरथरही तितकीच मोठी दिसेल, म्हणून हे वर्धन हवा स्थिर असलेल्या रात्रीच वापरा. सुमारे २२८ पटींपुढे नवा तपशील दिसत नाही.