पाण्याच्या पिंपापाशी नागरिकत्वाचा पहिला पाठ

नागरिकत्व हा मतदानाचा हक्क मिळाल्यावर शिकण्याचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचा वाटा राखणे, अंग व परिसर स्वच्छ ठेवणे या सवयी शाळेच्या उंबरठ्यावरच जडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, तो याच जाणिवेने.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षण गोरगरिबांच्या दारी नेले. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, हे त्यांचे सूत्र होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर रूढ झाला.

एका पेल्यातील तीन धडे

सोलापूरसारख्या शहरात या शिक्षणाला निराळे महत्त्व आहे. चादरीचे यंत्रमाग आणि विडी यांवर येथील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. एकाच वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी मुले शेजारी बसतात. शिवाय पाण्याची टंचाई या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. उजनी धरणाचे पाणी लाभले, तरी नळाला रोज पाणी न येण्याचा अनुभव सोलापूरकरांनी दीर्घकाळ घेतला आहे. म्हणून वर्गातील पाण्याचे पिंप हेच येथील उत्तम पाठ्यपुस्तक होय.

पहिला धडा आरोग्याचा. पाणी साठवावे लागते, तेथे डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास वाढतो. हा डास दिवसा चावतो व स्वच्छ साठ्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. यास्तव आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत. अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. भांडे घासावे लागते. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या बाईंनी मुलांना प्रत्यक्ष दाखवाव्यात. दोन व्याख्यानांनी जे साधणार नाही, ते या एका निरीक्षणाने साधते.

दुसरा धडा सदाचाराचा. ओगराळ्यानेच पाणी घ्यावे, हवे तेवढेच घ्यावे, झाकण पुन्हा लावावे आणि मागच्याला जागा द्यावी. पाणी वाढण्याचे काम पाळीपाळीने प्रत्येक मुलाकडे असावे.

तिसरा धडा नागरिकत्वाचा. पाणी म्हणा, नीरू म्हणा, नीळ्ळू म्हणा की पानी म्हणा, तहान एकच. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी, तळी व स्नानघाट यांच्या वापरात धर्म, जात वा लिंग यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. कलमाचा क्रमांक बालकाला सांगण्याची गरज नाही. कोणाच्याही हातचा पेला सर्वांनी आनंदाने घेतला, म्हणजे कलम आचरणात उतरले.

घराचा मान राखून

आरोग्याचा धडा देताना एक पथ्य अवश्य पाळावे. विडी वळणाऱ्या मातेच्या हाताला तंबाखूची पूड लागते. घास भरवण्यापूर्वी हात साबणाने धुणे अगत्याचे आहे, हे खरे; परंतु मुलाने घरी जाऊन 'तुझे हात घाण' असे आईस म्हणावे, अशी शिकवण सदाचाराची नव्हे. 'आई, आपण दोघे हात धुऊ' हे वाक्य त्याच्या तोंडी यावे. ज्या श्रमांवर घर चालते, त्यांची लाज वाटावयास लावणारे शिक्षण उत्तम नागरिक घडवू शकत नाही.

गोष्टीही आपल्या गावच्या सांगाव्यात. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि परक्या देशातील जखमींची सेवा करीत १९४२ साली तेथेच निवर्तले. आजाऱ्याची भाषा व देश न विचारणारा हा डॉक्टर बालकांना सहज कळतो.

मोठ्यांची परीक्षा

मूल ऐकते त्याहून अधिक पाहते. हात धुण्याचे गीत म्हणवून घ्यावे आणि शाळेच्या नळाला पाणी नसावे, तर मूल हात धुण्यास नव्हे, बोलणे व वागणे निरनिराळे ठेवण्यास शिकते. शाळेत पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंधन घातले आहे. ते पाळणे हा प्रशासनाचा, आणि पिंप भरलेले, झाकलेले व स्वच्छ राखणे हा शिक्षक-पालकांचा नागरिकधर्म आहे. तो वडीलधाऱ्यांनी आचरला, तर बालकांना वेगळा उपदेश करण्याची आवश्यकता फारशी उरणार नाही.