यंत्रमानव आणि त्याचे मार्गदर्शक

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रमानवावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या वळसंगमधील पाच मुले स्पर्धेसाठी यंत्रमानव तयार करीत आहेत आणि दर रविवारी त्यांच्याजवळ बसण्याचे काम माझ्याकडे आले आहे. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली; त्यामुळे मला सर्वच विषय येतात असा गावाचा समज आहे!

यंत्रमानव म्हटला की लोखंडी माणूस डोळ्यांपुढे येतो. मुलांचा यंत्रमानव म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी, दोन मोटारींची गाडी. पांढऱ्या फळीवरील काळ्या पट्टीवरून तिने आपले आपण चालायचे. पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक सेन्सर असतो. तो अवरक्त किरण सोडतो. पांढरा रंग ते परत पाठवतो, काळा गिळतो. डाव्या सेन्सरखाली काळे आले म्हणजे गाडी उजवीकडे सरकली. मग डावे चाक थांबवायचे, उजवे चालू ठेवायचे. गाडी वळून पट्टीवर येते.

हे गाडीला सांगायचे म्हणजे प्रोग्राम लिहायचा. सोलापूरकडील मुलाला तो समजावयास जाड पुस्तक नको. चादरीच्या मागावरचे जकार्ड पाहावे. भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकामागून एक येतात. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. फ्रान्समधील जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले आणि पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची हीच कल्पना उचलली. एक भोक चुकले की नक्षी बिघडते, मागाला बोल लावून उपयोग नाही. ज्यांचे वडील मागावर आहेत त्या मुलांना हे चटकन पटले.

वास्तविक अवघड काम मार्गदर्शकाचे आहे. उन्हात गाडी भरकटू लागली, तेव्हा मुले नवा सेन्सर मागू लागली. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, हे मला ठाऊक होते. मी एवढेच विचारले, "सावलीत कशी चालते?" त्यांनी फळी लिंबाखाली नेली. तासाभराने एका मुलीने सेन्सरवर काळ्या पुठ्ठ्याची टोपी बसविली.

रोबोकॉन ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ पासून भरते. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता दहीहंडीचा. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली, विषय पालकत्वाचा. पालक यंत्रमानव विद्यार्थ्याने चालवायचा, त्याने बाल यंत्रमानवाला झोपाळ्यापर्यंत न्यायचे. बाल यंत्रमानव मात्र स्वयंचलित. हा नियम मला फार आवडतो. काही ठिकाणी मोठी माणसेच यंत्र जुळवून, प्रोग्राम लिहून देतात आणि मुले नुसती कळ दाबतात. परीक्षकाने "हे चाक का थांबले?" असे विचारले की तेथे सगळे गप्प!

टोपी बसविणाऱ्या मुलीची शाळा आठवीनंतर चालू ठेवावी की नाही, याची तिच्या घरी बोलणी चालू आहेत. परवा तिने गाडी घरी नेली आणि कोणते चाक केव्हा थांबते हे आजीला कन्नडमधून समजावून सांगितले. वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी एकच विचारले, "बॅटरी उतरली की ही वाकडी का जाते?" ते उत्तर अजून तिच्याजवळ नाही. पुढचा रविवार त्यासाठीच ठेवला आहे.