अपडेटच्या आधी मूळ फाइल

अमेरिकेतल्या डिझेल पिकअपवाल्यांना ट्यूनर नवा नाही. पडदा आणि चार बटणं असलेलं, हातात मावणारं हे यंत्र स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचं, चावी ऑनवर ठेवायची आणि पडदा विचारेल त्याला होकार देत जायचं. थोड्या वेळात इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली कंपनीची फाइल निघते आणि तिच्या जागी जास्त ताकदीची फाइल, म्हणजे ट्यून, बसते. ट्रेलर ओढताना गाडी चढाला दमत नाही, ॲक्सिलरेटरवर पाय पडताच उचलते. अडचण येते ती पुढे. एक दिवस कंपनीचं अपडेट निघतं आणि त्याच कॉम्प्युटरवर आता दोघांना लिहायचं असतं.

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या, मूळच्या कोल्हापूरच्या एका गृहस्थांची 2006 सालची फोर्ड एफ-250 इथेच अडली. गाडी त्यांनी जुनी घेतली होती, ट्यूनरसकट. इंजिन 6.0 लिटरचं पॉवरस्ट्रोक. कारखान्यातून निघताना त्याची ताकद 325 हॉर्सपॉवर आणि टॉर्क 570 पौंड-फूट. आधीच्या मालकाने त्यावर ट्यून चढवली होती आणि नव्या मालकांना गाडीचं ते चालणं आवडलं होतं. त्रास होता तो फक्त हिवाळ्यातल्या सकाळचा. सेल्फ मारला की इंजिन दोन-तीन सिलिंडरवर मिस मारायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गरम झाल्यावर शहाण्यासारखं चालायचं.

या त्रासाचं कारण त्या इंजिनाच्या रचनेतच आहे. त्याचे इंजेक्टर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात. थंडीत ऑइल घट्ट झालं की इंजेक्टरच्या आतला छोटासा स्पूल जागीच चिकटतो. त्याला हलवणारी वीज येते एका वेगळ्या मॉड्यूलमधून. हे मॉड्यूल बॅटरीच्या 12 व्होल्टचे 48 व्होल्ट करतं, आणि बॅटरी कमजोर असेल तर तेच आधी झिजतं. फोर्डने या मॉड्यूलसाठी पुढे एक नवं सॉफ्टवेअर काढलं. इंजिन सुरू होण्याआधी ते इंजेक्टरच्या कॉइल थोड्या गरम करून घेतं, म्हणजे स्पूल सुटा होतो. आपल्या गृहस्थांना हवं होतं ते एवढंच.

वर्कशॉपमध्ये मेकॅनिकने ते चढवलं आणि सोबत इंजिनाच्या मुख्य कॉम्प्युटरचं ताजं कॅलिब्रेशन, म्हणजे कंपनीची नवी फाइलही चढवली. ही दोन्ही कामं एकत्रच करायची रीत आहे. गाडी ट्यून केलेली आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. ट्यून पुसली गेली. गाडी घरी आली, दुसऱ्या दिवशी पहाटे एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि सगळं ठीक वाटलं.

पुढे ट्रेलर जोडायची वेळ आली तेव्हा गाडी मंद वाटली. म्हणून त्यांनी ट्यूनर काढून सॉकेटला लावला. इथून पुढचं नीट समजून घ्यायला हवं, कारण फसगत होते ती नेमकी इथेच. ट्यूनर पहिल्यांदा लावला जातो तेव्हा तो गाडीतली मूळ फाइल वाचून स्वतःकडे साठवतो आणि त्या गाडीच्या चेसिस नंबरशी स्वतःला बांधून घेतो. त्यानंतर त्याच्या हिशेबी गाडीत त्याचीच ट्यून असते. मधल्या काळात वर्कशॉपने काय लिहिलं, याचा त्याला पत्ता नसतो. पडद्यावर दोनच पर्याय आले, ट्यून बदला किंवा मूळ फाइल परत लिहा. त्याच्याकडची ‘मूळ’ फाइल मात्र जुन्या कॅलिब्रेशनची होती आणि कॉम्प्युटरमध्ये आता नवं होतं. दोन बॅटऱ्यांपैकी एक म्हातारी झाली होती. थंडी होती, केबिनचा पंखा चालू होता. फाइल अर्धी लिहून झाली आणि काम थांबलं.

चावी फिरवली, तर डॅशबोर्डवर एरवी लगेच पेटणारा ‘वेट टु स्टार्ट’चा पिवळा दिवा लागेना. हा दिवा इंजिनाचा कॉम्प्युटर लावतो. तो पेटत नाही म्हणजे कॉम्प्युटर बोलतच नाही. टो ट्रक बोलवावा लागला.

गाडी वाचली, कारण अर्धवट लिहिलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा कायमचा जात नाही. दुसऱ्या एका स्वतंत्र गॅरेजवाल्याकडे जे-2534 प्रमाणकाचा इंटरफेस होता. हे प्रमाणक एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं. त्यामुळे कंपनीच्या डीलरकडे न जाताही कंपनीचं अधिकृत सॉफ्टवेअर गाडीत लिहिता येतं. त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर थोड्या मुदतीसाठी वर्गणी भरून घ्यावं लागतं. त्याने आधी दोन्ही बॅटऱ्या तपासल्या, एक बदलायला लावली आणि मग स्थिर व्होल्टेज देणारा पुरवठा जोडून संपूर्ण फाइल नव्याने लिहिली. ट्यूनर मात्र त्याच जुन्या गाठीत अडकून राहिला. तो सोडवायला बनवणाऱ्या कंपनीशी बोलावं लागलं.

तेव्हापासून हे गृहस्थ भेटेल त्या पिकअपवाल्याला एकच सांगतात, ‘वर्कशॉपला जायच्या आदल्या दिवशी गाडी मूळ फाइलवर आणा.’ आणि मूळ फाइलवर आणायची ती ज्या ट्यूनरने ट्यून चढवली त्यानेच, दुसऱ्या कशानेही नाही. असं केलं की ट्यूनर गाडीपासून सुटा होतो. पुढे कंपनीने काहीही लिहिलं तरी दोघांच्या नोंदी एकमेकांशी भांडत नाहीत. अपडेट झाल्यावर ट्यूनर पुन्हा लावायचा असेल, तर आधी ट्यूनरचं स्वतःचं सॉफ्टवेअर ताजं करायचं, गाडीतली नवी मूळ फाइल त्याला वाचू द्यायची आणि चढवायची ट्यून त्याच नव्या कॅलिब्रेशनवर बेतलेली आहे याची ट्यूनवाल्याकडून खात्री करून घ्यायची. जुनी ट्यून नव्या कॅलिब्रेशनवर ‘चालेल बहुतेक’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्या बोलण्यावर इंजिन सोपवू नये.

बॅटरीकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. फाइल लिहिली जात असताना चावी ऑन असते, इंजिन बंद असतं, आणि सगळा भार बॅटरीवर असतो. साधा चार्जर लावून भागत नाही. काही चार्जरचं व्होल्टेज वरखाली होतं आणि ते कॉम्प्युटरला आणखी वाईट. गॅरेजमध्ये प्रोग्रामिंगसाठीचा स्थिर पुरवठा आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये. हेडलाइट, पंखा, रेडिओ, दरवाजा उघडल्यावर लागणारे दिवे, सगळं बंद. मोबाइलही गाडीच्या चार्जरला लावून ठेवू नये.

अपडेटनंतर पहिले काही मैल गिअर झटके देत पडले तर घाबरून जाऊ नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालवण्याच्या सवयीनुसार आपले शिफ्ट जुळवत जातो. फाइल बदलली की ते शिकलेलं पुसलं जातं आणि तो नव्याने शिकू लागतो. हे शिकणं होईपर्यंत जड ट्रेलर जोडू नये.

ताकदीचाही हिशेब आहे. ट्यून म्हणजे जास्त डिझेल, वेगळं टायमिंग, जास्त बूस्ट, आणि या सगळ्याचा भार शेवटी सिलिंडरवर. फोर्डच्या आधीच्या 7.3 लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती हेडचे सहा बोल्ट होते. 6.0 मध्ये ते चारच राहिले. दाब वाढला की हेड किंचित उचललं जातं आणि हेड गॅसकेट जातं, म्हणून ट्यून करणारे लोक बोल्ट काढून जास्त मजबूत स्टड बसवतात. स्टड बसवले आहेत की नाही हे ठाऊक नसताना ट्यून परत चढवणं हा नसता धोका आहे.

फाइल मूळ केली की कुणाला कळणार नाही, असं समजून वॉरंटीत काम करून घेऊ पाहणारेही असतात. हे चालत नाही, आणि करूही नये. प्रत्येक फाइलला कॅलिब्रेशनचा ओळख क्रमांक असतो आणि सोबत सीव्हीएन नावाचा पडताळणी आकडा. फाइलमधला एक आकडा जरी बदलला तरी तो वेगळा येतो. साध्या स्कॅनरवरही दोन्ही वाचता येतात. जनरल मोटर्सने ड्युरामॅक्स डिझेलबाबत डीलरना सूचनाच दिलेली आहे की इंजिनाच्या आतलं नुकसान वॉरंटीत धरण्याआधी कॅलिब्रेशनची पडताळणी करून पुरावा ठेवावा. काही कॉम्प्युटर किती वेळा लिहिले गेले याची नोंदही ठेवतात. दुसऱ्या बाजूने मालकालाही संरक्षण आहे. 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनी सरसकट हात झटकू शकत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला असं दिसावं लागतं. खरं सांगून काम करून घेणारा मालक या कायद्यापुढे जास्त भक्कम उभा राहतो.

आता त्या प्रकाराबद्दल, ज्याची बाजू घेता येत नाही. काही ट्यून नुसती ताकद वाढवत नाहीत. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा काढून टाकल्यावर कॉम्प्युटरने तक्रार करू नये, म्हणून त्या लिहिलेल्या असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, 2020 मध्ये दिलेल्या अहवालात अंदाज मांडला की आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधल्या या यंत्रणा अशा काढल्या गेल्या. त्यातून त्या गाड्यांच्या आयुष्यभरात 5 लाख 70 हजार टनांवर जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल, म्हणजे नियमात चालणाऱ्या 90 लाख पिकअप रस्त्यावर वाढवल्यासारखं. हा वायू आणि ही काजळी त्याच रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या पोरांच्या छातीत जाते. गाडी कितीही सुंदर पळू दे, हे समर्थनीय नाही. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली ही छेडछाड बेकायदेशीर आहे. कॅलिफोर्नियात 19 जुलै 2021 पासून स्मॉग चाचणीत सॉफ्टवेअरही तपासलं जातं आणि मान्यता नसलेली फाइल सापडली तर गाडी नापास होते.

अशा गाडीत कंपनीचं अपडेट चढलं की काय होतं? कंपनीची फाइल फिल्टर शोधते, सेन्सर शोधते. ते जागेवर नसतात. डॅशबोर्डवर दिवे लागतात, ताकद कापली जाते आणि गाडी रांगू लागते. तिला दुरुस्त करायचा सरळ मार्ग एकच, काढलेली यंत्रणा परत बसवणं, आणि तो खर्च मोठा असतो.

कंपन्याही या बाबतीत धुतल्या तांदळासारख्या नाहीत. रॅमच्या 2013 ते 2019 या वर्षांच्या सुमारे 6 लाख 30 हजार पिकअपमधल्या आपल्या इंजिनांत चाचणीला चकवणारं सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून कमिन्सने 1.675 अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. 2023 च्या डिसेंबरमध्ये हे जाहीर झालं. क्लीन एअर ॲक्टखालचा हा सर्वांत मोठा दिवाणी दंड ठरला. तडजोडीत त्या गाड्या परत बोलवून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचंही बंधन आलं. म्हणजे ट्यून केलेल्या रॅमच्या मालकाला अपडेटचं पत्र येणार, आणि तो वर्कशॉपला गेला की ट्यून जाणार. त्याने ठरवायचं ते आधी ठरवावं.

असा प्रसंग महाराष्ट्रानेही पाहिला आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांची तपासणी केल्यानंतर, 2015 च्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या 3,23,700 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायचं जाहीर केलं. इलाज मुख्यतः सॉफ्टवेअरचाच होता. आता 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर लासलगावचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपमध्येही फिल्टर आणि सेन्सर आहेत, आणि ‘ईसीएम रिमॅप करून देतो’ म्हणणारे आपल्याकडेही आहेत. त्यांचं ऐकण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 182अ वाचावं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. माल भरून निघालेली गाडी घाटात ताकद कापून बसली, तर भाव पडण्याआधी बाजार गाठायचा राहून जातो, ते वेगळंच.

जुनी पिकअप घेणाऱ्याला या सगळ्याचा उपयोग पहिल्याच दिवशी आहे. पैसे देण्याआधी स्कॅनर लावून कॅलिब्रेशन क्रमांक आणि सीव्हीएन लिहून घ्यावा, आणि चेसिस नंबरासाठी कंपनीची सध्याची फाइल कोणती ते डीलरकडून विचारून जुळवावं. आकडे जुळले नाहीत तर ट्यूनर कुठे आहे ते विचारावं. विकणारा म्हणाला की ‘तो मी दुसऱ्याला दिला’, तर मूळ फाइल त्या यंत्रासोबत गेली असं धरून चालावं आणि कंपनीची फाइल लिहून घेण्याचा खर्च किमतीतून कापून मागावा. गाडीखाली वाकून फिल्टर जागेवर आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावं.