जांभळी शाई आणि कागदाचा स्वभाव

शाईचा रंग बाटलीत ठरत नाही, तो कागदावर ठरतो. हे मला पटवून दिले ते पायलट कंपनीच्या 'मुरासाकी-शिकिबु' या जपानी जांभळ्या शाईने. जांभळ्या फळांचे घोस लागणाऱ्या तिथल्या एका झुडपाचे हे नाव. पेन तेच ठेवून घरातल्या नाना कागदांवर ती लिहून पाहिली, तेव्हा हाती आलेले हे अनुभवाचे बोल.

१. जीएसएमवर, म्हणजे कागदाच्या चौरस मीटरमागच्या ग्रॅम वजनावर, भिस्त ठेवू नका. झेरॉक्सचा कागद ७५ जीएसएमचा, जपानी तोमोए रिव्हर अवघा ५२ चा. तरी शाई फुटते ती झेरॉक्सच्या कागदावर. कडांना बारीक तंतू फुटतात आणि मागच्या बाजूला ठिपके उमटतात. तोमोएवर अक्षर पाठीमागून दिसते खरे, पण शाई झिरपत नाही. फरक खळीचा आहे. कागद बनवताना शाई-पाणी अडवणारी खळ किती आणि कशी दिली, यावर सगळे अवलंबून.

२. शाई वाळू द्या, मग रंग ठरवा. झेरॉक्सचा कागद शाई चटकन पितो, रंग सपाट राहतो. तोमोएवर ती बराच वेळ ओली असते. तिथे 'म'चा काना पाहा: वर फिका, खाली पेन जिथे टेकून उचलले तिथे गडद. शिरोरेषेचे शेवटचे टोकही तसेच. देवनागरीत उभ्या दांड्या भरपूर, त्यामुळे ही छटा पानभर खेळते. घाईचे काम असेल तर मात्र टिपकागद जवळ हवा.

३. कागदाचा पांढरेपणा तपासा. निळसर पांढऱ्या कागदावर जांभळा खुलतो. पिवळसर कागदावर तोच करडा, मळकट दिसतो. कारण पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारणारे रंग.

४. हातकागदाला रुंद निब द्या. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तेव्हा हा कागद आपल्याला परका नाही. चांगली खळ बसलेल्या हातकागदावर जांभळी शाई देखणी दिसते. मात्र बारीक निब त्याच्या धाग्यांत अडकते. शाई फुटणाऱ्या पातळ वहीसाठी उलट बारीक निबच बरी, कारण ती शाई कमी सोडते.

५. तळहाताखाली कोरा कागद ठेवा. हाताचा तेलकटपणा लागला की गुळगुळीत कागद त्या जागी शाई धरत नाही, अक्षर तुटते. पावसाळ्यात वह्या कपाटात बंद ठेवा. सर्दावलेल्या कागदावर शाई जास्त पसरते.

६. उन्हाची आणि पाण्याची परीक्षा घ्या. एका पट्टीवर चार ओळी लिहा. अर्धी पट्टी पुस्तकात दाबा, अर्धी खिडकीत ठेवा आणि एका ओळीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. पाण्यात विरघळलेल्या रंगद्रव्याच्या शाईला ऊन सोसत नाही, पाण्याचा थेंबही नाही. चेक, अर्ज, करारपत्र यांसाठी ती वापरूच नये. पत्रे आणि रोजनिशी तिच्यासाठीच आहेत.

७. नमुन्यांची नोंद ठेवा. प्रत्येक तुकड्यावर कागद, निब आणि तारीख लिहा. नवी बाटली घेण्याआधी, तुम्ही रोज ज्या वहीत लिहिता त्याच वहीत तिच्या दोन ओळी लिहून पाहा. महागड्या कागदावरचा सुंदर रंग रोज भेटणार नसतो. आपल्या वहीशी जुळणारी शाई रोज लिहावेसे वाटायला लावते.