धन कोणाचं? (ईशोपनिषद, मंत्र १)



आजचं वाचन ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र. अर्थ थोडक्यात असा : या जगात जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेलं आहे, म्हणून त्यागून भोग घे आणि धनाची हाव धरू नको. शेवटच्या तुकड्याचे शंकराचार्य दोन अर्थ देतात. एक, कोणाच्याही धनाची हाव नको. दुसरा, हाव नकोच, कारण धन आहे तरी कोणाचं? मंत्रात 'गृध्' हा धातू आहे. त्यातूनच 'गृध्र' आला, म्हणजे आपलं गिधाड.

काळाचौकीत बसून हे वाचताना आधी आजूबाजूचे टॉवर आठवतील. पण खरं सांगू? टॉवरचा हेवा आमच्याकडे कोणी फारसा करत नाही, ते फार लांबचं जग. हेवा वाटतो तो शेजारच्यांनी डोंबिवलीला घेतलेल्या वन बीएचकेचा. आणि हाव सुटते ती सख्ख्या भावंडाच्या वाट्याची.

एक गोष्ट मात्र आधीच बाजूला काढू. हक्काचं मागणं म्हणजे हाव नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार पगार आणि बोनससाठी बाहेर पडले. माझे आजोबा त्यातलेच. त्या दिवसांत आजीचे दागिने मोडले गेले, ते परत काही झाले नाहीत. अशा माणसाला कोणी हा मंत्र ऐकवून "समाधानी राहा" म्हणालं, तर मला राग येतो. मंत्र त्यासाठी नाही.

पुढे २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली. त्यात आजोबांच्या पश्चात आजीला घर लागलं. पैसे काकांनी कर्ज काढून भरले. आता आजीही नाही. बाबांची नोकरी सुटून आठ महिने झाले, माझ्या पगारात घर आणि हप्ते दोन्ही बसत नाहीत. म्हणून घर विकून दोघा भावांनी निम्मं-निम्मं घ्यायचं ठरलंय. अडचण एकच, कुडाळची आत्या. तिची सही हवी. हक्कसोडपत्राचा मसुदासुद्धा तयार आहे. "ती काय नाही म्हणणार नाही, मोठ्या मनाची आहे," असं घरात सगळे म्हणतात.

इथे मला तुकोबा आठवतात. दुष्काळात बायको गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. घरात सावकारीची कर्जखतं होती, लोकांकडून येणं होतं. ती इंद्रायणीत बुडवली हे आपल्याला माहीत असतं. पण त्याआधी काय केलं ते आपण पटकन वाचून पुढे जातो. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रात, धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला वाटा मागितला. तुकोबांनी निम्मी खतं त्याला दिली आणि फक्त आपली निम्मी बुडवली. भावाला विरक्तीचा उपदेश नाही की "तूही सोड" असा आग्रह नाही. सोडायचं ते स्वतःचं.

मग आत्याच्या वाट्यावर आपण 'त्याग' हा शब्द लिहू शकतो का? ती न मागता, सगळं कळून सोडेल तर तो तिचा त्याग. तिला फोनवर "फक्त एक सही आहे गं" म्हणून बोलावलं, तर ती आपली हाव. कागद मात्र दोन्हीकडे तोच, भाषाही तीच.

काकांचंही खोटं नाही. हप्ते त्यांनी फेडलेत, ते त्यांचं येणंच आहे, आधी ते वेगळं काढायला हवं. उरेल त्याचे तीन भाग. बाबांच्या हातात कमी येईल, आमचं कर्ज त्यात पूर्ण फिटणार नाही. हे आकडे मी काल वहीत मांडून बाबांपुढे ठेवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताईला फोन लाव. आधी आकडा सांगू, सहीचं नंतर."

उद्या दुसरा मंत्र : कर्म करत शंभर वर्षं जगण्याची इच्छा.