काटकसरीचा संसार आणि सकस ताट



महिन्याची वीस तारीख उलटली की पुष्कळ घरांतले जेवण बदलते. आधी फळे बंद होतात, मग अंडी, मग डाळ पातळ होते. भात मात्र वाढत जातो. पोट भरते, पण अंगी लागत नाही. आणि जे कमी पडते ते बहुधा एकाच ताटात कमी पडते: सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या घरच्या बाईच्या. आज या प्रश्नाचा थोडा अभ्यास करू या.

१. किंमत आणि मोल

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिस्किटांचा लहान पुडा स्वस्त वाटतो, पण त्यात मुख्यतः मैदा, साखर आणि तेल असते. याउलट १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते; तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. म्हणून दुकानात ‘केवढ्याला?’ या प्रश्नाबरोबर ‘यातून शरीराला काय मिळणार?’ हाही प्रश्न विचारावा.

२. धान्याला डाळीची जोड

तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. दोन्ही एकत्र खाल्ली की उणीव भरून निघते. वरणभात, खिचडी, भाकरी-उसळ हे आपल्या आज्यांचे शहाणपण होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रौढ माणसासाठी दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असे प्रमाण सुचवले आहे. डाळींच्या काही भागाऐवजी मासे, अंडी किंवा मांसही चालते. म्हणजे ढोबळमानाने तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ. आपल्या घरचे प्रमाण एकदा मोजून पाहा.

३. खरेदीचा क्रम

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला रेशनवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते; जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ज्यांचा हक्क आहे त्यांनी ते घेण्यात कमीपणा मानू नये. धान्यावर वाचलेला पैसा डाळीकडे वळवावा. पगार हाती आला की आधी महिनाभराची डाळ, मूग, मटकी, चवळी आणि शेंगदाणे भरावेत. सुका जवळा किंवा बोंबील थोडा असला तरी कालवणाला पुरतो. मात्र धुऊन त्यातले मीठ कमी करावे. पुड्यांतले फरसाण, वेफर्स आणि थंड पेये पैसे उरले तरच.

वाडीतला शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, लाल माठ या भाज्यांना फारसा खर्च येत नाही. पालेभाजीबरोबर लिंबू घ्यावे, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

४. वाटप

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने म्हटले आहे की, पैलवानाला जेवढे अन्न योग्य तेवढेच नवशिक्याला योग्य नसते. न्याय्य वाटप म्हणजे ज्याची जशी गरज तसे. आता आपल्या घरात पाहा. भारतीय पोषण शिफारशींप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला २९. गरज तिची जास्त, आणि तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाशी उरलेले! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. याचे कारण फक्त गरिबी नाही. वाढण्याची रीतही त्याला हातभार लावते.

यावर उपाय बिनखर्ची आहे. सर्वांनी एकत्र बसावे, भांडी मध्ये ठेवावीत, आणि कोणी दुसऱ्यांदा घेण्याआधी प्रत्येकाच्या ताटात डाळ, भाजी, कालवण पडले आहे ना, हे पाहावे. रानात प्रभूने आधी सर्वांना गटागटाने बसवले, मग भाकरी वाटल्या. तेथे कोणी मागाहून उरलेले खाण्यासाठी थांबले नव्हते. पैसा कमी असला तर सर्वांना थोडे कमी मिळेल, पण एकट्या आईच्या अंगावर घरची काटकसर पडणार नाही.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यात आपण डाळी-कडधान्यांवर किती खर्च केला आणि पुड्यांतल्या खाऊवर किती?
२. आपल्या घरी शेवटी कोण जेवते? त्या ताटात काय असते?
३. आपल्या वाडीत रेशनचा हक्क असूनही ज्यांना धान्य मिळत नाही असे कोण आहेत? त्यांचे कागदपत्र पूर्ण करायला आपण कशी मदत करू?