घरच्या साहित्यानें पुस्तक कसें सांधावें



खेड्यांतील कित्येक घरीं एखादें असें जुनें पुस्तक असतें कीं, ज्याच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतिथि वडिलांच्या हातानें लिहिलेल्या असतात. त्याची शिवण तुटली तर दुकानांतून नवी प्रत आणतां येईल. पण तें पान कोठून आणावें? म्हणून बांधणीची आरी मोडली किंवा दाबयंत्राचा आटा झिजला, तरी काम टाकूं नये. हत्यार कोणतें हें न पाहतां त्याचें काम कोणतें हें पाहावें. मग तें करणारी वस्तु बहुधा घरांतच सांपडते.

१. आरी. तिचें काम नेमक्या जागीं बारीक भोंक पाडणें हें होय. तें गोधडीच्या सुईनें होतें. गोणपाटाचा दाभण फार जाड पडतो. पुस्तकाच्या उंचीची कागदी पट्टी कापून तिजवर पांच खुणा कराव्या. प्रत्येक जुजाच्या, म्हणजे एकांत एक दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, घडींत तीच पट्टी ठेवून आंतून बाहेर टोंचावें. म्हणजे सर्व भोंकें एका ओळींत येतात. जुनीं भोंकें शाबूत असल्यास नवीं पाडूं नयेत.

२. दोरा. सुती दोऱ्यास मेणबत्ती घांसावी. तो गुंतत नाहीं. ओढतांना पुस्तकाच्या पाठीच्या दिशेनें ओढावा. वर ओढल्यास कागद चिरतो.

३. खळ. एक वाटी मैदा चार-पांच वाट्या पाण्यांत गुठळ्या न होतां कालवून मंद आंचेवर ढवळीत शिजवावा, व निवल्यावर फडक्यांतून गाळावा. पूर्वी कसर लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत. तें विषारी आहे, व त्यांतील तांबें कागदासहि हानि करितें. म्हणून रोजच्यापुरती ताजी खळ करावी हेंच बरें. पाठीवर मांजरपाटाची पट्टी लावून चमच्याच्या पाठीनें दाबून बसवावी. चिकटपट्टी लावूं नये. ती कालांतरानें पिवळी पडून कागदावर डाग ठेवते. खळ मात्र पुढें कोणासहि पाण्यानें सोडवितां येते.

४. दाब. दोन पाट घ्यावे. त्यांच्या खालच्या पट्ट्या बाहेर ठेवून सपाट अंगांमध्यें पुस्तक ठेवावें. ओल पानांत शिरूं नये म्हणून मध्यें कोरडे कागद घालावे. वर धान्याचें पोतें रात्रभर ठेवावें.

५. सुरी. कडा सारख्या करण्याचा मोह टाळावा. मीं स्वतः एकदां असें केलें. पुस्तक सुबक झालें. परंतु समासांत एका मृत मातेनें लिहिलेलीं अक्षरें त्या काटछाटींत गेलीं. तिच्या मुलीनें पुस्तक उघडलें, बोट कडेवर फिरविलें, आणि कांहीं न बोलतां मिटलें. त्या दिवशीं माझें कोणतेंहि हत्यार मोडलें नव्हतें.

म्हणून बंधूंनो व भगिनींनो, प्रथम मुलांच्या जुन्या वहीवर हात बसवा, मगच जुन्या पुस्तकास हात लावा. जें पुढें उसवितां येईल तेवढेंच करा. ओबडधोबड शिवण पुन्हां घालतां येते. कापलेलें अक्षर परत येत नाहीं.